गॅरेजातला जीर्णोद्धारक

गॅरेजातला जीर्णोद्धारक हा अमेरिकेच्या मिशिगन, ओहायो, इंडियाना, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात मुबलक आढळणारा गृहस्थ होय. वय साधारण पंचावन्न ते सत्तर. पेशाने तो टूलमेकर, इलेक्ट्रिशियन, शाळामास्तर किंवा दातांचा डॉक्टर, काहीही असू शकतो. निवृत्ती झालेली असते किंवा दिसू लागलेली असते. घराला लागून दोन गाड्यांचे गॅरेज असते. त्यातल्या एका जागेत १९६०च्या दशकाअखेरची एक गाडी सुट्या भागांच्या रूपाने नांदते आणि दुसऱ्या जागेत त्याच गाडीचे उरलेले सुटे भाग. जिचे हप्ते चालू आहेत आणि जी रोज सकाळी निमूटपणे सुरू होते, ती गाडी बाहेर बर्फात उभी असते. चष्मा कपाळावर असतो आणि दिवसाचा काही भाग तो शोधण्यात जातो.

त्याच्या भक्तीचा विषय म्हणजे ‘मसल कार’. तिची कृती सोपी होती. मध्यम आकाराची, स्वस्त, कुटुंबवत्सल गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात थोरल्या गाडीचे व्ही-८ इंजिन बसवायचे. १९६४ साली पॉन्टियाकने हे केले ते वरिष्ठांची नजर चुकवून. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये, असा पॉन्टियाकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, नियम होता. पॉन्टियाकचा इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन ‘लेमान्स’ गाडीवरचा ऐच्छिक पर्याय म्हणून यादीत सरकवले. नियम गाड्यांना होता, पर्यायांना नव्हता. जीटीओ नावाच्या या पर्यायाला पहिल्याच वर्षी ३२,४५० गिऱ्हाइके मिळाली आणि वरिष्ठांना नियमाचा विसर पडला. मग शेव्हेल एसएस आली, चार्जर आली, कार्टूनमधल्या पक्ष्याच्या आवाजात हॉर्न वाजवणारी प्लिमथ रोड रनर आली. यांतल्या बहुतेकींना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. सुटण्याची व्यवस्था कारखान्याने चोख केलेली होती, थांबण्याचा विचार बराचसा गिऱ्हाइकावर सोपवला होता.

हे फार काळ चालणे शक्य नव्हते. तरुण चालकांचे विम्याचे हप्ते भडकले, १९७० साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा आला आणि १९७३च्या तेलटंचाईने उरलीसुरली हौस फेडली. पुढची काही वर्षे या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलाने जात होत्या. १९७९ ते १९८५ या काळात चाललेल्या ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या टीव्ही मालिकेने उड्या मारण्याच्या प्रसंगांत शेकडो चार्जर मोडून टाकल्या. लहानपणी ज्याने टाळ्या पिटत त्या उड्या पाहिल्या, तोच आज मालिकेचे ते भाग पाहताना पडद्यावरच्या चार्जरचे मागचे बंपर मूळचे होते का, हे हळहळत तपासतो.

प्रत्येक जीर्णोद्धारकाकडे तरुणपणी यांपैकी एक गाडी होती आणि ती त्याने विकली. वय जुळत नसेल तर ती मामाकडे होती आणि मामाने विकली. कॉलेजची फी, घरभाडे किंवा बाळाचा पाळणा, कारण काहीही असो, किंमत नेहमी लाजिरवाणी असते आणि ती सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. पाळण्यातले बाळ आता चाळिशीचे असते आणि आपल्यामुळे घरातली गाडी गेली, हे ते कळायला लागल्यापासून ऐकत आलेले असते.

खरेदी बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारातून होते. विकणारा सांगतो, ‘उभी केली तेव्हा चालत होती.’ हे विधान इतिहास म्हणून खरे असते. उभी केली ते साल कोणी विचारत नाही. जाणता गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक बाळगतो. चुंबक पत्र्याला चिकटला नाही, तर तिथे पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चाकांच्या कमानींत आणि डिकीच्या तळाशी आतून पत्रा खात जाते. पूर्वीच्या मालकांनी ती भोके पुट्टीने बुजवलेली असतात आणि पुट्टीला आधार म्हणून मागे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले असतात. बोळ्यांवरच्या बातम्यांवरून दुरुस्तीचा काळ ठरवता येतो. हे सगळे दिसत असूनही तो गाडी घेतो. घरी दोन आकडे सांगितले जातात, किंमत आणि काम पुरे होण्याची तारीख. पहिला थोडा कमी असतो. दुसऱ्याला ‘पुढचा उन्हाळा’ म्हणतात आणि त्याचे साल लिहून ठेवत नाहीत.

गाडी घरी आल्यावर पहिले काम पाना हातात घेण्याचे नव्हे, आकडे वाचण्याचे. डॅशबोर्डावरचा क्रमांक, इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक, रंगाचा आणि गादीच्या कापडाचा संकेत सांगणारी पट्टी, हे सगळे जुळले तर गाडीचे कुळ शुद्ध ठरते. सर्वोच्च पुरावा म्हणजे कारखान्यात गाडीसोबत फिरलेला जोडणीचा कागद. तो कधी मागच्या गादीच्या स्प्रिंगांत तर कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो, उंदरांनी सोडला असेल तेवढा. साध्या सहा सिलिंडरच्या गाडीवर एसएसचे बिल्ले चढवण्याचा धंदा जुना आहे, म्हणून ही सगळी चौकशी. दुसऱ्याची अशी गाडी असली तर ती नक्कल असते, स्वतःची असली तर मूळ गाडीला वाहिलेली आदरांजली.

गाडी सुटी करण्याचे काम फार वेगाने होते आणि घात तिथेच होतो. दोन शनिवार-रविवारांत गाडी जमिनीवर पसरलेली असते. प्रत्येक नट-बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत जातो, पिशवीवर मार्करने नाव लिहिले जाते. सुरुवातीच्या पिशव्यांवर ‘डावे दार, वरची बिजागरी, आतले दोन बोल्ट’ असा बारकावा असतो, मधल्यांवर ‘दार’, शेवटच्यांवर नुसते प्रश्नचिन्ह. इथून गाडी घरात शिरते. क्रोमच्या पट्ट्या पलंगाखाली जातात, बंपर सोफ्याच्या मागे, आणि एका शुभ्र सकाळी कार्ब्युरेटर भांडी धुण्याच्या यंत्रात सापडतो. बायको या विषयात अडाणी आहे, असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात दहा वर्षे गाडीखाली बॅटरी धरून धरून तिला सगळ्या भागांचे क्रमांक पाठ झालेले असतात आणि त्याला न सापडलेले अर्धे भाग तिनेच फोनवरून मिळवलेले असतात. घराच्या वायफायचा पासवर्ड १८४३६५७२ असतो. शेव्हरोलेच्या व्ही-८ मध्ये सिलिंडर पेटण्याचा हा क्रम. पाहुण्यांना तो समजावून घ्यावा लागतो.

पत्र्याचे काम तो स्वतः करायचे ठरवतो. वेल्डिंग येत नसते. ते गाडीवरच शिकले जाते आणि शिकण्याचा इतिहास आसनांखाली कायमचा गोठून राहतो. नवे पत्रे कॅटलॉगमधून येतात. १९६९च्या कमॅरोचा तर अख्खा सांगाडा आज नवा विकत मिळतो, पण असे सुचवणाऱ्याला पुन्हा कॉफी मिळत नाही. इंजिनचा ब्लॉक मशीनशॉपमध्ये जाऊन सिलिंडर इंचाच्या तीस सहस्रांशांनी रुंदावून घेतो आणि परत येऊन जोडला जातो. जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टची एक अट असते. इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्याबरोबर ते वीसेक मिनिटे दोन हजार फेऱ्यांच्या आसपास रेसवर ठेवायचे, मंद होऊ द्यायचे नाही, नाहीतर कॅमचे उंचवटे घासून जातात. सायलेन्सर अजून लागलेला नसतो. गल्लीला आयुष्यभर आठवणारी ती वीस मिनिटे हीच.

रंग मात्र बाहेर होतो. गॅरेजमध्ये प्लास्टिकचे पडदे लावून केलेला पहिला प्रयत्न पारदर्शक थरात अडकलेल्या डासांमुळे सोडून दिलेला असतो. रंगवाला ‘सहा आठवडे’ म्हणतो आणि गाडी त्याच्याकडे दोन वर्षे कैदेत राहते. अपघाताच्या गाड्यांचे पैसे विमा कंपनी लगेच देते, म्हणून त्या आधी लागतात. जीर्णोद्धारक दर शुक्रवारी डोनट घेऊन भेटीला जातो.

या लोकांत दोन पंथ आहेत. पहिला गाडी चालवण्यासाठी दुरुस्त करतो. त्याच्याविषयी सांगण्यासारखे थोडे आहे, कारण तो सुखी असतो. दुसरा पंथ गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या घटकेला जशी होती तशी करू पाहतो. अडचण एवढीच, की त्या घटकेला ती काही फार चांगली नव्हती. तासाला पन्नास-साठ गाड्या सोडणाऱ्या पट्ट्यावर कामगाराच्या वाट्याला एका गाडीमागे मिनिटभर येई. पत्र्यांमधल्या फटी कमीजास्त राहत, रंग खडबडीत सुके, खालच्या अंगाला फवारा अर्धवट पोचे. तपासनीस घट्ट केलेल्या बोल्टवर रंगाचा ठिपका टाकी, इंजिनमागच्या पत्र्यावर खडूने काहीबाही खरडी. ही सगळी घाई आता सावकाश, संदर्भ तपासून, पुन्हा करायची असते. त्यातही घाई कुठली, हे आधी ठरवावे लागते. कमॅरो ओहायोतल्या नॉरवुडची की कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसची, यावर रंगाचे ओघळ कुठे असावेत हे अवलंबून असते. अल्टरनेटरवरची तारीख गाडीच्या जन्माआधीची हवी, पण फार आधीची नको. आजची बॅटरी चालते, मात्र तिच्यावर जुन्या बॅटरीचे खोटे झाकण पाहिजे. शिकागोजवळ रोझमाँटला नोव्हेंबरात भरणाऱ्या प्रदर्शनासारख्या ठिकाणी परीक्षक गाडीखाली टॉर्च मारून हे सगळे पाहतात. मूळच्यापेक्षा नेटके काम केले असेल तर ते चुकीत धरले जाते. त्या खडूच्या खुणा करणारा कामगार समोर आला, तर अर्धे आयुष्य खर्चून काढलेली आपली सही ओळखेल की नाही, शंकाच आहे.

हिशेबाची एक फाइल असते. ती एका ठरावीक आकड्यानंतर पुढे लिहिली जात नाही. खर्च बाजारभावापेक्षा जास्त झालेला असतो. पण जानेवारीत ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलचा लिलाव टीव्हीवर लागतो आणि आपल्यासारखीच एक गाडी प्रचंड किमतीला जाते. तिच्यात हेमी नावाचे दुर्मीळ इंजिन असते, तिचे छप्पर उघडते आणि तशा फार थोड्या बनलेल्या असतात, हे तपशील घरात सांगितले जात नाहीत.

पुरी झालेली गाडी पावसात निघत नाही, खडीच्या रस्त्याला जात नाही आणि दुकानासमोर उभी राहत नाही. ती निघते ती ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी. १९९५ पासून त्या दिवशी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते. पाव मैल चौदा-पंधरा सेकंदांत कापण्यासाठी जन्मलेल्या गाड्या तिथे पायी चालणाऱ्यांच्या वेगाने, तापत, खोकत सरकतात. ट्रॉय, नोव्हाय या उपनगरांतले, मोटार कंपन्यांत धूर कमी करण्याचा पगार घेणारे काही मराठी इंजिनिअरही घडीच्या खुर्च्या टाकून तो धूर आवडीने घेतात. दर दहा मिनिटांनी कोणीतरी थांबून सांगतो, की अशीच एक गाडी माझ्या मामाकडे होती. जीर्णोद्धारक ते शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि किती डॉलरला विकली, हे स्वतःहून विचारतो.

वारसाचा प्रश्न अनिर्णित आहे. मुलाला गाडी आवडते, पण तिच्यात आजचे फ्युएल इंजेक्शनचे इंजिन, डिस्क ब्रेक आणि एसी बसवावा असे त्याचे म्हणणे असते, म्हणजे ती चालवता येईल. हा विषय बऱ्याच घरांत जेवणाच्या टेबलावर वर्ज्य आहे.