दर होलाला एक टन

आमच्या अकलूजला कार्यक्रमाची इज्जत गर्दीवर मोजतात. लग्न कसं झालं असं कुणी विचारलं तर जेवणाची चव नंतर, आधी पंगती किती उठल्या ते सांगतात. आषाढात तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून गावात येते, माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं, तेव्हा मुंगीला शिरायला वाव नसतो. घोडा दिसला नाही तरी चालतं. पण ‘काय गर्दी होती!’ असं सांगता आलं पाहिजे. लावणी स्पर्धेनं गावाचं नाव महाराष्ट्रभर केलं, तेही मंडप ओसंडून वाहिल्यामुळंच. अशा गावातून आम्ही दोघं पुण्याला गोल्फ बघायला गेलो.

दोघं म्हणजे मी आणि माझे चुलतभाऊ तात्या. तात्या ऊस बागायतदार आहेत आणि कुठल्याही विषयावर पाच मिनिटांत अधिकारवाणीनं बोलू शकतात. गोल्फशी त्यांची ओळख ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी झाली. टोकियो ऑलिम्पिकात अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं, ती चौथी आली, तो दिवस. चहा घेता घेता तात्यांनी टीव्हीपुढं बैठक मारली ती मोडलीच नाही. सुरुवातीला ‘ही पोरगी वाकून काय बघतीय?’ असं विचारणारे तात्या शेवटी शेवटी ‘बर्डी पाहिजे होती गं!’ म्हणून मांडीवर थाप मारत होते. संध्याकाळी नीरज चोप्रानं सुवर्णपदक आणलं, पण तात्यांच्या मनातून ती बर्डी, म्हणजे नेमलेल्यापेक्षा एक फटका कमी, काही गेली नाही. त्याच ऑलिम्पिकात पुरुषांत उदयन माने खेळला होता हे कळल्यावर तर त्यांनी जाहीर करून टाकलं, ‘माने म्हणजे आपल्याकडचाच.’ तो पुण्याचा आहे असं मी सांगितलं. ‘आता असंल पुण्याचा,’ तात्या म्हणाले, ‘मूळ बघ की.’

पुण्यातल्या भाच्याच्या ओळखीनं सोय झाली आणि आम्ही येरवड्याला पूना क्लबच्या गोल्फ मैदानावर दाखल झालो. प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाची स्पर्धा होती. या टूरचे अध्यक्ष २०२४ पासून कपिल देव आहेत, हे भाच्यानं आल्या आल्या सांगितलं. तात्या खूश झाले. कपिल देव म्हटल्यावर खेळात दम असणार, आणि दम असणार म्हटल्यावर माणूस असणार. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हिरवंगार रान लांबवर पसरलेलं, आणि त्यात एका खेळाडूमागं मोजून पंधरा-वीस माणसं चाललेली. त्यांतही निम्मी खेळाडूंच्या घरची असावीत, कारण चेहऱ्यावर काळजी होती.

‘कार्यक्रम रद्द झालाय का?’ तात्यांनी विचारलं.

हे त्यांनी कुजबुजत विचारलं होतं. पण तात्यांची कुजबुज म्हणजे पलीकडच्या बांधावरच्या माणसाला मोटार बंद कर म्हणून सांगण्याइतकी. पुढं एक स्वयंसेवक शांततेची पाटी घेऊन उभा होता, त्यानं ती आमच्या दिशेनं वळवली आणि आम्ही जाईपर्यंत तशीच ठेवली.

खेळाडूनं फटका मारला. ‘टक्’ असा आवाज आला आणि चेंडू दिसेनासा झाला. सगळे आभाळाकडं बघत होते, तात्या जमिनीकडं. मग ते खाली बसले, दोरीच्या अलीकडचं गवत चिमटीत धरून त्यांनी निरखलं आणि उठून उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

‘ही हरळी हाय.’

गोल्फवाले त्याला बर्म्युडा म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात तग धरतं म्हणून भारतातल्या बहुतेक मैदानांवर त्याच जातकुळीचं गवत असतं, आणि त्या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे आपली हरळी. ज्या हरळीपायी तात्यांचे वडील कुदळ घेऊन रानात वाकले ते वाकलेच, जिच्यावर तात्यांनी मजूर लावले, औषधं मारली, आणि जी दर पावसाळ्यात नव्या उमेदीनं वर आली, तिला इथं माणसं नेमून पाणी पाजत होते. होलच्या भोवतीच्या हिरवळीवर तर ती तीन-चार मिलिमीटरवर रोज कापतात आणि तिच्यावर वेगळे बूट घातल्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही. तात्या बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘माझ्या रानात हिनं एवढं नाव नाही काढलं.’

मग हिशेब सुरू झाला. अठरा होलचं मैदान म्हणजे सव्वाशे-दीडशे एकर रान लागतं. सव्वाशे धरा. एकरी पन्नास टन. टनाला तीन हजार. तात्यांचं गणित तोंडी असतं आणि चुकत नाही. ‘पावणेदोन कोटींच्या वर जातंय. बक्षीस किती हाय?’

भाचा म्हणाला, ‘अशा मोठ्या स्पर्धेत सगळी मिळून कोटीच्या घरात. कोटी असली तर पहिल्याला पंधरा लाख.’

‘मग ऊसच बरा.’

नियम समजावताना भाच्याची दमछाक झाली. चार दिवस खेळायचं, ज्याचे फटके सगळ्यात कमी तो पहिला. ‘कमी मारंल तो जिंकतो? मग घरी बसलेला पहिला आला पाहिजे,’ तात्या म्हणाले. दोन दिवसांनी निम्म्याहून अधिक खेळाडूंना घरी पाठवतात आणि त्यांना दमडी मिळत नाही; प्रवास, मुक्काम, काठ्या वाहणाऱ्या कॅडीचे पैसे ज्याचे त्यानं सोसायचे, हे ऐकल्यावर मात्र त्यांच्या बोलण्यातला उपहास पार गेला. पैसा आधी घालायचा, राबायचं आणि हातात काय पडणार ते शेवटच्या दोन दिवसांत ठरणार, हे त्यांना शेतीसारखंच वाटलं. त्यानंतर ते प्रत्येक खेळाडूकडं आपला भाऊबंद असल्यासारखं बघू लागले.

एका हिरवळीजवळ एक खेळाडू चेंडूपुढं बसून जमिनीचा उतार न्याहाळत होता. त्याचा कॅडी, चौदा काठ्यांचं ओझं खाली ठेवून, हळूच आमच्याकडं आला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, ‘काका, जरा मागं व्हा. तुमची सावली चेंडूच्या वाटेत येतीय.’

तात्या मागं झाले, सावलीही झाली. ‘इथं सावलीलापण पास लागतो का रं?’ त्यांनी मला विचारलं. पण कॅडी मराठी निघाला याचा त्यांना आनंद झाला होता. मी त्यांना अली शेरची गोष्ट सांगितली. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या काठ्या वाहणाऱ्या या माणसानं १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. तोवर ती एकाही भारतीय व्यावसायिकाला जिंकता आली नव्हती. तात्यांनी त्या कॅडीकडं नव्यानं पाहिलं. पुढं तो जाईल तिकडं आम्ही गेलो. खेळाडू कोण होता ते मला अजून माहीत नाही.

दुपारी झाडाखाली बसल्यावर भाच्यानं खरा बॉम्ब टाकला. जगातल्या काही नामांकित मैदानांवर हौशी माणसालाही पैसे भरून खेळता येतं. अमेरिकेतल्या पेबल बीचवर एका फेरीला २०२४ मध्ये ६७५ डॉलर पडत होते.

‘रुपयांत सांग.’

‘छप्पन हजारांच्या घरात, तात्या.’

तात्यांनी डोळे मिटले. ‘पावणेएकोणीस टन. म्हणजे डबल ट्रॉली भरून ऊस. होल अठराच ना? दर होलाला एक टन, वर पाऊण टन चहापाण्याला.’

‘चहा वेगळा,’ भाचा म्हणाला. ‘कॅडीपण वेगळा.’

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स त्या मानानं स्वस्त निघालं: त्याच वर्षी हंगामात ३२० पौंड, म्हणजे अकरा टन. आणि ऑगस्टा नॅशनल, जिथं मास्टर्स स्पर्धा होते, तिथं कितीही टन नेले तरी उपयोग नाही. सभासदानं बोलावलं तरच खेळायचं, आणि सभासद व्हायला अर्ज करायची सोयच नाही. त्यांना वाटलं तर ते विचारणार. बायकांना सभासद करावं असं त्यांना २०१२ मध्ये वाटलं. गंमत म्हणजे मास्टर्स बघायला गेलेल्या प्रेक्षकाला आत सँडविच दीड डॉलरला मिळतं. खाणं स्वस्त, जागा महाग.

तात्या आमच्या साखर कारखान्याचे सभासद. सभासद झाल्यावर काहीतरी मिळतं, निदान दिवाळीला सवलतीची साखर तरी, एवढीच त्यांची सभासदत्वाची कल्पना. ‘आणि ह्यांना काय मिळतं?’ त्यांनी विचारलं.

भाच्याला उत्तर सुचेना. मला वाटतं, त्यांना गर्दी नसलेली जागा मिळते. आमच्याकडं किती आले याचा मान असतो. तिकडं किती येऊ शकत नाहीत याचा. सव्वाशे एकरांत चार माणसं आणि बाकी सगळी हरळी, यासाठी लोक डबल ट्रॉली मोजतात. तात्यांचं रान पहाटे तसंच असतं, माणूस नाही, काणूस नाही, आणि हरळी भरपूर. फक्त ते फुकट असल्यामुळं त्याला कुणी नामांकित म्हणत नाही.

हे मी तात्यांना सांगितलं. त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला आणि भाच्याला विचारलं, यांतल्या कुठल्या मैदानावर आपल्यासारख्याला नुसतं हिंडता येईल?

‘सेंट अँड्र्यूजला,’ भाचा म्हणाला. ‘ते मैदान सार्वजनिक आहे. एरवी रविवारी तिथं गोल्फ बंद असतं. गावातली माणसं कुत्री घेऊन फिरायला येतात. फुकट.’

‘म्हणजे शनिवारी गेलं तर अकरा टन, रविवारी शून्य?’ तात्या ताठ बसले. ‘मग रविवारचंच काढ की तिकीट! विमानाला किती टन पडतील?’

भाचा मोबाईलवर बघू लागला. आकडा आल्यावर तात्या म्हणाले, ‘राहू दे. हरळीच बघायची, तर मळ्यात बघू. पण एक कर, कुत्रं कुणाचं मिळतंय का बघ. जरा रुबाबात फिरता येईल.’