एसी दुरुस्त झाला, आता गाडीही दुरुस्त करून द्यावी

प्रति,
मा. वर्क्स मॅनेजर साहेब,
अधिकृत सर्व्हिस सेंटर, ठाणे



पत्रास कारण की, आपल्या वर्कशॉपमधून आमच्या गाडीचा एसी उत्तम होऊन आला आहे. घोडबंदर रोडच्या भर दुपारच्या ट्रॅफिकमध्ये मागच्या सीटवर शाल लागते, इतका उत्तम. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचून मी कृतघ्न आहे असा आपला समज व्हायला नको. सेंटरचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील, बाकीच्यांना आपापले आठवेल.

गाडी आणली तेव्हा तक्रार एकच होती. गॅस भरला की थोडे दिवस गारवा, मग पुन्हा गरम वारा. आपल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने निदान सांगितले, "कूलिंग कॉइल लीक आहे सर. वॉरंटीत बदलून देतो. डॅशबोर्ड उतरवावा लागेल, बाकी काही नाही."

ज्यांनी उतरलेला डॅशबोर्ड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे, एसीच्या बंद पेटीत असते. आमच्यासारख्या गाडीत तिथवर पोचायचे तर ग्लोव्ह बॉक्स, म्युझिक सिस्टीम, मीटर, मधला कन्सोल आणि स्टिअरिंग व्हील एवढे सगळे सुटे करावे लागते. डझनावारी क्लिपा, कितीतरी कनेक्टर, निरनिराळ्या लांबीचे स्क्रू. क्लिपा प्लॅस्टिकच्या असतात, ओढल्या की कान तुटतात आणि तुटलेली क्लिप बाहेरून दिसत नाही. ती फक्त ऐकू येते. आमच्या गाडीत ती मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत ऐकू येते.

ही खडखड मी आपल्याला माफ केली. नव्या गाडीची शांतता आम्हालाही जरा परकीच वाटत होती. कप होल्डरमध्ये काही स्क्रू ठेवलेले सापडले, त्याबद्दल मात्र मनापासून आभार. दुसऱ्या एखाद्याने ते गुपचूप कचऱ्यात टाकले असते. ज्या कारागिराने ते प्रामाणिकपणे परत केले, त्याला ते कुठून निघाले एवढेही आठवले असते, तर हे पत्र एक परिच्छेद तोकडे झाले असते.

पुढची सोय पाण्याची. एसी चालू असताना कॉइलवर हवेतल्या वाफेचे पाणी होते आणि ते एका छोट्या ड्रेन पाइपमधून गाडीखाली पडते. ठाण्याच्या दमट हवेत चांगले भरपूर पडते. आपल्याकडून आल्यापासून आमच्या गाडीखालची जमीन कोरडी ठणठणीत आहे. पाणी जाते पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी, जिथे आमच्या मातोश्री बसतात. पाहुण्याचे पाय धुवायची रीत आपण वातानुकूलित केलीत याचे त्यांनी कौतुक केले, पण दरवेळी ओले लुगडे घेऊन देवळात जायचे का, असे त्या विचारतात. ॲडव्हायझरचे उत्तर तयार होते. "पावसाचं पाणी असेल सर, काच उघडी राहिली असेल." महिना एप्रिलचा होता.

ड्रेन पाइप परत खोचायचा राहिला असेल किंवा तो दुमडला असेल. वाकून बघायचे काम आहे. पण वाकून बघण्यासाठी जॉब कार्डावर वेगळी ओळ लागते, आणि जॉब कार्डावर आपल्या माणसाने लिहिले, "वॉटर लीकेज, ऑब्झर्व्ड, नॉर्मल." कार्पेटखाली वायरिंग जाते, साहेब. ओल्या कार्पेटला आज वास येतो आहे, उद्या त्याखालच्या कनेक्टरला गंज चढेल. मग आपण त्याचे वेगळे एस्टिमेट काढाल.

आता जरा गंभीर होतो, कारण इथून पुढे विनोद करायची माझी ताकद कमी पडते.

गाडी घरी आणल्यापासून दोन गोष्टी एकदमच सुरू झाल्या. मीटरवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला, आणि स्टिअरिंग डावीकडे वळवले की हॉर्न वाजेनासा झाला. आपल्या ॲडव्हायझरने दोन तक्रारींसाठी दोन ओळी केल्या. हॉर्नसमोर लिहिले, "हॉर्न वीक, रिप्लेसमेंट सजेस्टेड," म्हणजे पैसे माझे. एअरबॅगसाठी स्कॅनर लावला, कोड पुसला आणि दिवा विझला. गेटबाहेर पडून पहिल्याच डाव्या वळणाला तो पुन्हा पेटला. तेव्हा उत्तर आले, "उंदरांनी वायर कुरतडली असेल सर, ते वॉरंटीत बसत नाही."

ठाण्यातल्या उंदरांवर माझा पूर्ण विश्वास आहे. ते काहीही करू शकतात. पण स्टिअरिंग व्हीलच्या मागे शिरून, बाकी एकही वायर न चावता, नेमकी हॉर्नची आणि एअरबॅगचीच निवडणारा उंदीर असेल, तर त्याला आपल्याकडे नोकरीला ठेवा. आपल्या कारागिरांपेक्षा त्याला वायरिंग जास्त कळते.

खरी गोष्ट सोपी आहे. स्टिअरिंग व्हील फिरते, त्यामागचा खांब फिरत नाही. म्हणून हॉर्नची आणि ड्रायव्हरच्या एअरबॅगची जोडणी एका गुंडाळलेल्या चपट्या केबलमधून जाते, जिला आपलेच लोक क्लॉक स्प्रिंग म्हणतात. व्हील काढले की ती मधोमध आणून, चाके सरळ ठेवूनच परत बसवायची असते. एका बाजूला जास्त गुंडाळली गेली तर पूर्ण वळणावर ताणते आणि तुटते. एसीच्या कामात व्हील आपणच काढले होते. हॉर्न आणि एअरबॅग एकाच वेळी, एकाच वळणावर गेले, आणि आपल्या जॉब कार्डावर त्या दोघांची ओळखच नाही.

एअरबॅगच्या सर्किटमध्ये बिघाड दिसला की तो दिवा पेटतो. दिवा पेटलेला असताना धडक झाली, तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्या देशात 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना सक्तीची आहे. ती शोभेची वस्तू असती तर मीही आपल्याबरोबर दिवा पुसत बसलो असतो.

या सगळ्यात ज्याने गाडी उघडली त्या पोराला मी अजून पाहिलेले नाही. त्याचा राग येत नाही. प्रत्येक कामाला ठरवून दिलेले तास, मागे उभी पुढची गाडी, आणि हातात टॅबलेटवरून उतरलेली एक ओळ. गाडीत बसून ऐकायला त्याला कोणी पाठवत नाही. गाडी ऐकतो ॲडव्हायझर, जो ती चालवत नाही, आणि चालवतो टेस्ट ड्राइव्हवाला, जो मला भेटत नाही. आपल्या वेटिंग लाउंजमधली कॉफी मात्र खरोखर चांगली आहे.

घरी पोचायच्या आत आपल्या कॉल सेंटरच्या ताईंचा फोन आला. "सर, 10 पैकी 10 द्याल ना? 9 दिले तरी आम्हाला प्रॉब्लेम होतो." डॅशबोर्ड खडखडत होता, एअरबॅगचा दिवा पेटलेला होता, आई पाय पुसत होती. त्यांचा आवाज इतका काकुळतीचा होता की मी त्यांना वैयक्तिक 10 देऊन टाकले. ते गुण वर्कशॉपचे समजू नयेत.

आता मागणी. मी नवी गाडी मागत नाही. सुटा भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, अशा अर्थाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिलेला आहे, आणि मला तो पटतो. पण दुरुस्त करताना नवे बिघाड घालून गाडी परत देणे, याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटी म्हणतात. हा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि 10 ते 20 लाखांच्या गाडीसाठी तिचे शुल्क 400 रुपये आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. ही धमकी नाही. आपण दरवेळी माझ्या ज्ञानात भर घालता, म्हणून ही परतफेड.

आयोगाची पायरी चढायची मला हौस नाही. कागदावर निकालाची मुदत महिन्यांत सांगितली असली, तरी तारखा कशा पडतात ते आपल्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे. सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो. ज्याने डॅशबोर्ड उतरवला होता त्याला माझ्याशेजारी बसवा, आपण घोडबंदर रोडला एक चक्कर मारू. मग नवे जॉब कार्ड उघडा आणि प्रत्येक तक्रारीसमोर काय केले यासोबत काय सापडले तेही लिहा. तुटलेल्या क्लिपा नव्या घाला. ड्रेन पाइप बघा. क्लॉक स्प्रिंग बदलली तर जुनी मला दाखवा. आणि एअरबॅगचा दिवा स्कॅनरने विझवलेला मला चालणार नाही, तो दोष काढल्यावर विझलेला हवा.

कळावे,
आपला,
वॉरंटीतला एक ग्राहक