तळे राखी तो रकाना भरी

हवामानबदलाशी आपण किती जुळवून घेतले, हे मोजणे सोपे आहे. शेततळी मोजावीत. २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तळ्याला टेप लावता येते, फोटो काढता येतो, रकाना भरतो. तळे कशाने भरले, याला रकाना नाही. म्हणून कोणी बोअरचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात सोडतो. त्यातला काही वाटा ऊन पिते. पाताळातले पाणी चव्हाट्यावर आले, केवढी ही पारदर्शकता! पुढचे पाऊल म्हणून टँकरही यशातच धरावेत. मोजायला सोपे, शिवाय वैशाखात आकडा आपोआप वाढतो. पाऊस मात्र यादीतून वगळावा. तो उद्दिष्टाप्रमाणे काम करत नाही.