अंतिम सामना आपल्याच माणसांचा होता, साहेब

अंबरनाथ (पूर्व)
१३ एप्रिल २०२५

प्रति,
मुंबई सिटी एफसीचा संघ बांधणारे (आणि सोडणारे) माननीय साहेब,



सर्वप्रथम अभिनंदन. काल रात्री कोलकात्यात आयएसएलचा अंतिम सामना झाला. मुंबई त्यात नव्हती, पण मुंबईची माणसं दोन्हीकडच्या ताफ्यांत होती. मोहन बागानकडे अपुया आणि ग्रेग स्टुअर्ट. बेंगळुरूकडे राहुल भेके, नोगेरा आणि परेरा डियाझ. ही झाली ताजी निर्यात. जुन्या वह्या काढल्या तर बागानचा कर्णधार शुभाशिष बोसही त्यात सापडेल, आणि २०१५ च्या लिलावात आपल्याच क्लबाने १ कोटी २० लाखांना घेतलेला सुनील छेत्रीही. बागान २-१ ने जिंकलं. बेंगळुरू जिंकलं असतं तरी आपल्याला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. मुलगी कुठल्याही घरी दिली तरी सुखात नांदावी, एवढीच आपली इच्छा.

खरं तर २९ मार्चलाच लिहिणार होतो, राग गिळला. त्या रात्री कंठीरवा स्टेडियमवर बेंगळुरूने बाद फेरीत आपल्याला पाच-शून्यने धुतलं. पाचवा गोल डियाझचा. बदलापूरचा माझा भाचा शेजारी बसून बघत होता. गोल झाल्याबरोबर सवयीने त्याचे हात वर गेले, मग अर्ध्यातच खाली आले. "मामा, हा आपला ना?" म्हटलं, "होता." "मग सोडला कशाला?" साहेब, हा प्रश्न मी जसाच्या तसा आपल्याकडे पुढे पाठवतो आहे.

गेल्या वर्षीचा मे महिना आठवतो का? ४ मे २०२४. सॉल्ट लेकच्या भरल्या मैदानात, त्यांच्या घरात घुसून, आपण मोहन बागानला ३-१ ने हरवलं. एका गोलने मागे असताना बरोबरी साधली ती डियाझने. मग बिपीन, मग वोइटुस. अशा संघाचं कुठलाही शहाणा माणूस काय करेल? चार दिवस दार लावून बसेल, म्हणेल की कोणी हलायचं नाही. आपण दार उघडलंत. भेके, नोगेरा, डियाझ बेंगळुरूला. अपुया थेट मोहन बागानला, म्हणजे ज्यांच्या अंगणात करंडक उचलला त्यांच्याच हवाली. अंबरनाथला पहिला पाऊस पडायच्या आत अर्धा संघ पांगला होता.

डियाझ आणि नोगेराबद्दल मी फार रडणार नाही. परदेशी खेळाडू येतात, जातात. २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने आपल्या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं होतं की जगभर यांची माणसं खेळाडू हेरत फिरतात. उत्तम. त्यांनी हेरावा ग्रीसमधून एक, स्पेनमधून एक. पण साहेब, मैदानावर एका वेळी परदेशी चारच. उरलेले सात आपले. आणि बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू हिसकावणारा, वर मान उचलून तो पुढे देणारा भारतीय मध्यरक्षक त्यांच्या मँचेस्टरच्या कुठल्या संगणकात सापडतो ते मला दाखवा. तसे देशात दोन-तीन. त्यातला एक, अपुया, आपल्याकडे होता. २०२१ मध्ये नॉर्थईस्टकडून आला तेव्हा विशीतला पोरगा होता. तीन मोसम त्याला घडवलंत, बिनतोड केलंत आणि तयार झाल्यावर जाऊ दिलंत. परवा जमशेदपूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भरपाई वेळेत त्याने लांबून जो गोल मारून बागानला अंतिम फेरीत नेलं, तो आपण बघितलाच असेल. छान होता ना?

त्याच्या जागी आपण डच खेळाडू आणलात, योएल व्हॅन निफ. वाईट नाही, मेहनती आहे. पण त्याने परदेश्यांच्या चार जागांपैकी एक खाल्ली. म्हणजे भोक मधल्या फळीत पडलं आणि ठिगळासाठी कापड आघाडीफळीतून फाडलं. मग वर्षभर पुढे गोल होईनात म्हणून आपण बुचकळ्यात, आणि मोसमाअखेर सहावा नंबर. एवढा साधा हिशोब उल्हासनगरातला कुठलाही जीन्सवाला गल्ल्यावर बसल्या बसल्या करून दाखवेल.

उल्हासनगरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ते गाव मुळात दुसऱ्या महायुद्धातला लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प. १९४७ नंतर तिथे सिंधी निर्वासित आले, तात्पुरते म्हणून. गेले नाहीत. बराकींची घरं झाली, घरांची दुकानं झाली, आज १३-१४ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणूस राहतो आणि पत्ता अजून कॅम्प एक, कॅम्प चार असाच सांगतो. आपल्या संघाचं नेमकं उलटं. नाव शहराचं, कारभार ट्रान्झिट कॅम्पचा.

तिथेच मी गेल्या ऑगस्टमध्ये भाच्यासाठी जर्सी छापून घ्यायला गेलो होतो. त्याला पाठीवर अजूनही अपुयाच हवा होता. मशीन तापत होतं, प्लास्टिकची अक्षरं कात्रीने कापून टेबलावर मांडलेली. दुकानातल्या काकांनी आधीच्या कुणाची परत आलेली एक आकाशी जर्सी दाखवली. जुनं नाव नखाने खरवडून काढलं होतं, तरी गोंदाचा डाग राहिलाच होता, डोळे बारीक केले की वाचता येई. काका म्हणाले, "साईं, नाम मत डलवाओ. सिर्फ नंबर डालो. नंबर तो कोई न कोई पहनेगा." आपल्या संघबांधणीचं याहून अचूक परीक्षण मी कुठल्या क्रीडा पुरवणीत वाचलेलं नाही.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. साडेसातचा सामना संपवून अंधेरीहून आझाद नगर मेट्रो, घाटकोपर, तिथून उभ्याने अंबरनाथ. ही कसरत आम्ही हौसेने करतो. २०२३ मध्ये नस्साजी क्लबाविरुद्धचा 'घरचा' सामना आपण पुण्याला बालेवाडीत ठेवलात, तेही पोटात घातलं. ल्युंगबर्ग, अनेल्का, फोर्लान यांच्या नावावर तिकिटं विकायचा जमाना आपल्या आधीचा, त्याचं पाप आपल्या माथी नाही.

पण भेके.

इथे माझी थट्टा संपते, साहेब. राहुल भेके हा मुंबईचा मुलगा. जुन्या मुंबई एफसी क्लबाच्या दिवसांपासून या शहराच्या मैदानांवर खेळलेला. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल त्याचा होता. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाने जिंकलेला तो पहिला सामना. कर्णधार होता. एवढ्या मोठ्या ताफ्यात ज्याचं नाव डब्यातल्या शेजाऱ्याला सांगितलं तर "आपला आहे का?" असं तो विचारायचा, असा एक माणूस! कर्जतपासून चर्चगेटपर्यंत आपल्याकडे एकच ओळखीचा चेहरा होता आणि तोही आपल्याला जड झाला. तिशी उलटली म्हणून? मग बेंगळुरूवाले खुळे आहेत का? पगार परवडेना म्हणून? मग बाकी कुठे वाचवला ते सांगा! संघ म्हणजे कंत्राटांची फाईल नव्हे. निदान आम्ही फाईल बघायला अंधेरीपर्यंत येत नाही.

...असो. पाणी प्यायलो. आता शांतपणे लिहितो.

आपली अडचण मला कळत नाही असं नाही. पगाराला लीगने कमाल मर्यादा घातली आहे; एकदा करंडक आला की अकराच्या अकरा जणांचा भाव वाढतो आणि थैली तेवढीच राहते. करार संपला की खेळाडू मोकळा, आणि तसंच असायला हवं. गुडघा एकदा गेला की त्याला कोण विचारतं? बरं, प्रशिक्षक तरी आपल्या हातात होते का? लोबेराच्या पद्धतीने आपण गोव्याहून जाहू, फॉल, बुमू आणून अख्खा संघ रचलात, २०२१ ला साखळीची शील्ड आणि आयएसएलचा करंडक दोन्ही आले, आणि तो चीनला गेला. बकिंगहॅमने पुढे २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने अपराजित राहून शील्ड आणली, आणि ऐन मोसमात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऑक्सफर्डच्या क्लबाने त्याला उचललं. दर वेळी नवा माणूस येतो, नवी यादी देतो आणि जुनी यादी आपल्या गळ्यात राहते. त्यातून शहर हे असं. महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकूनही २०१० मध्ये बंद झाली, मुंबई एफसीने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला, आणि कोणाची झोप उडाली नाही. आपण निदान दुकान उघडं ठेवलं आहे. अंधेरीच्या त्या छोट्या मैदानातल्या रिकाम्या खुर्च्या आपल्यालाही दिसत असणार. त्या दिसत असताना पुढच्या वर्षीची यादी करायला बसणं सोपं नसेल. एखाद्या रात्री आपणही "मग सोडला कशाला" हाच प्रश्न स्वतःला विचारत असाल, अशी मला दाट शंका आहे.

म्हणून मागणं एवढंच. आपल्याकडे छांगते अजून आहे. दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, ज्याच्या धावेसाठी लोक मेट्रोचं तिकीट काढतात असा. त्याचा करार नक्की कधी संपतो, आणि तो वाढवण्यासाठी आपण आत्तापर्यंत काय केलंत, हे उलट टपाली कळवावं. जूनमध्ये शाळा सुरू होतील, भाच्याला नवी जर्सी लागेल आणि या खेपेला तो नावाशिवाय ऐकणार नाही.



आपला,
अंबरनाथचा एक वर्गणीदार