कुठलं कर्जत?

‘कर्जतला चाललोय’ असं मुंबईकर म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे शेवटची लोकल, गरम वडा आणि पावसाळी धबधबा असतो. हेच वाक्य नगरकडचा माणूस बोलतो तेव्हा तिथे उघडं माळरान असतं आणि रेहेकुरीच्या अभयारण्यातले काळवीट. पुढे ‘रायगडचं’ किंवा ‘अहिल्यानगरचं’ जोडायची गरज दोघांनाही वाटत नाही. जगात कर्जत एकच, आणि ते आपलं! दुसरं कुणी दाखवून दिलंच, तर ‘हो, तेही आहे म्हणतात’ असा सूर लागतो. भाऊबंदकीत वाटणी मागायला आलेल्या चुलत्याबद्दल लागतो तसा.

आपल्याकडे गावांना नावं देणाऱ्यांनी फार डोकं चालवलेलं दिसत नाही. वड दिसला, वडगाव. पिंपळ दिसला, पिंपळगाव. तळं दिसलं, तळेगाव. झाडं आणि तळी सगळीकडेच असल्यामुळे व्हायचा तो घोळ झाला आणि मग गावांनाही आडनावं लावावी लागली. एक तळेगाव सेनापती दाभाड्यांचं, दुसरं ढमढेऱ्यांचं, तिसरं अमरावतीकडचं दशासर, शंकरपटाचं. शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, बीडमध्ये कासार आहे, आणि एकट्या लातूर जिल्ह्यात अनंतपाळ व ताजबंद अशी दोन.

“कुठलं शिरूर?”

“घोडनदीचं.”

“मग तसं सांगा की राव!”

अमरावतीकरांनी मात्र सरदार-देशमुखांच्या भानगडीत न पडता व्यवहार पाहिला. एक चांदूर रेल्वे, दुसरं चांदूर बाजार. मला विचाराल तर सगळ्यांत प्रामाणिक पद्धत हीच. गावात उतरल्यावर काय सापडेल ते नावातच सांगून टाकलंय.

खरी कीव येते ती वर्धा जिल्ह्यातल्या माणसाची. जिल्ह्यात तालुके आठ. त्यांतल्या आष्टीला बीडमध्ये जुळं, सेलूला परभणीत, कारंज्याला वाशीममध्ये. त्यामुळे आपलं कारंजा घाडग्यांचं, लाडांचं नव्हे, हे सांगितल्याशिवाय तिथल्या माणसाची ओळख पुरी होत नाही.

वडगावांचं तर विचारूच नका. १७७९ साली मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना मराठ्यांनी वडगावला कोंडलं आणि तह करायला लावला, ते वडगाव मावळातलं. बरं झालं तेव्हा रिक्षा नव्हत्या. नुसतं ‘वडगाव’ म्हणून बसले असते, तर साहेब वडगाव शेरीला नाहीतर वडगाव बुद्रुकला उतरले असते आणि तह राहिला असता बाजूला, मीटरवरूनच लढाई जुंपली असती.

जुन्या माणसांनी यावर उपाय काढला होता. मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. अमुक. पत्ता कसला, वंशावळच ती! पण अक्षर डॉक्टरी असलं की वंशावळही बुडायची. अखेर १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मराठी अधिकारी होते आणि संस्कृतचे कवी. शब्दांत रमलेल्या माणसाने गावं ओळखायला शब्दांवर विसंबू नये, यातच सगळं आलं.

तरी पिनकोड पाठ कुणाला असतो? आपण अजून अंदाजावरच चालतो. पुण्यात ‘खेडला जाऊन येतो’ म्हणणारा संध्याकाळी घरी परतला तर तो राजगुरुनगरला गेला होता असं समजायचं. मुक्कामाची पिशवी घेऊन निघाला तर रत्नागिरीकडच्या. कळंब म्हणून कुणी चिंतामणीचं दर्शन सांगितलं, तर ते यवतमाळचं, धाराशिवचं नाही. मोबाइलमधला नकाशा इतका विचार करत नाही. तो बहुधा जवळचं गाव पुढे करतो, आणि आपणही दुसरं काय करतो म्हणा.

तेव्हा लग्नपत्रिका छापणाऱ्या यजमानांना एकच विनंती. ‘आमच्या मुरुड येथील राहत्या घरी’ एवढ्यावर भागवू नका. एक मुरुड जंजिऱ्याजवळ आहे, एक दापोली तालुक्यात, एक लातूर जिल्ह्यात. तालुका, जिल्हा, पिनकोड, सगळं छापा. नाहीतर पोहण्याचे कपडे घेऊन निघालेलं तुमचं वऱ्हाड लातूरला उतरेल.