पित्त उठलं? गेरू लावा!

2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातून मुंबईची धारावी निवडली गेली आणि मेळघाटातली आपली धारणी. म्हणजे अंगणवाडीच्या बाबतीत धारणी पुण्याच्याही पुढे आहे, बाप्पा! तेव्हापासून मेळघाटातल्या लेकराचं वजन झालं, उंची झाली, दंडाला पट्टी गुंडाळून झाली. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लेकरू तीव्र कुपोषित, लाल रंगात. सगळं मोजलं गेलं. फक्त दिलेलं खाणं याला सोसतं का, हे विचारायचं राहून गेलं.

विचारलं तर लोक हसतात. ‘ॲलर्जी? ते अमरावतीच्या कॅम्पातल्या पोट्ट्यायले होते. आमच्या इकडे खायलेच भेटत नाही, तं ॲलर्जी कायची?’ ऐकायला बरोबर वाटतं. पण आता अंगणवाडीत खायला मिळतं, आणि ज्याने ॲलर्जी होऊ शकते नेमकं तेच मिळतं. 2015 च्या अमृत आहार योजनेत आधी गरोदर आणि स्तनदा मायांना ताट मिळालं, पुढच्या वर्षी लेकरांना आठवड्यातून चार दिवस अंडं. अंडं न खाणाऱ्याला केळं. आता गंमत बघा. ज्याच्या धर्मात अंडं बसत नाही, त्याची सोय शासनाने पहिल्याच फटक्यात केली. ज्याच्या अंगात बसत नाही, त्याचं नाव नाही. केळ्याचा घड तिथेच टांगलेला असतो, पण तो कोणत्या कारणाने मागायचा?

तीव्र कुपोषितांसाठी जगभर एक पेस्ट वापरतात. 1990 च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झालेली: शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल, वरून जीवनसत्त्वं. तिने असंख्य लेकरं वाचवली, तिला नावं ठेवणाऱ्याने आधी मेळघाटात एक पावसाळा काढावा. पण शेंगदाणा आणि दूध हे ॲलर्जीच्या यादीतले पहिल्या रांगेतले मानकरी आहेत. किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा ‘यात गहू आहे, दूध आहे’ हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पुड्याला जेवढं बोलता येतं तेवढं दोन वर्षांच्या लेकराला येत नाही. त्याची माय बोलते, पण ती कोरकूत बोलते आणि रजिस्टर मराठीत असतं.

मग होतं काय? खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, ओकारी होते. ‘पित्त उठलं, गेरू लावा.’ पुष्कळदा गेरू लावून भागतंही, म्हणून गेरूचा मान टिकून आहे. पण खोकला, घरघर सुरू झाली, लेकरू मलूल पडलं, तर ना गेरू कामाचा ना ॲलर्जीची गोळी. तिथे एकच औषध: ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ताबडतोब. काचेची इवलीशी कुपी, किंमत किरकोळ. 108 ला फोन लावता येतो, पण त्यासाठी काही गावांत आधी रेंज असलेला दगड शोधावा लागतो. रुग्णवाहिका आली तरी पुढे घाट आहेच.

आणि खरा विनोद पुढे आहे. हीच कुपी अंगणवाडीत येते! लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईच्या पेटीत ती असते. लसीने क्वचित अशी रिॲक्शन आली तर पहिला डोस तिने तिथेच द्यावा, ही शासनाचीच सूचना आहे. सत्र संपलं की पेटी बाईबरोबर परत. तेव्हा धारणीच्या लेकरांना विनंती, की अंग सुजवायचंच असेल तर लसीच्या दिवशी सुजवा. अंड्याच्या दिवशी सोय नाही.

याचा अर्थ शहरातल्या प्ले-स्कूलसारखी ‘शेंगदाणा बंद’ अशी पाटी लावा, असा मुळीच नाही. एकाला सोसत नाही म्हणून चाळीस जणांच्या तोंडचा घास काढणं हे धारणीत पाप आहे. शिवाय लंडनच्या एका मोठ्या अभ्यासाने 2015 मध्ये दाखवलं, की ॲलर्जीचा धोका असलेल्या तान्ह्यांनाही पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ द्यायला लागलं, तर पुढे त्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी घटते. (शेंगा आख्ख्या नाही हं, घशात अडकतात.) शहरी आयांची तऱ्हा आणखी वेगळी: रक्ताचा लांबलचक रिपोर्ट आणायचा, त्यात गहू ‘पॉझिटिव्ह’ निघाला की पोळी बंद. खाऊन काही त्रास होत नसेल तर नुसत्या रिपोर्टाला ॲलर्जी म्हणत नाहीत. आधीच दंड बारीक असलेल्या लेकराचं अंडं संशयावरून तोडायचं नसतं, डॉक्टरला विचारून तोडायचं असतं.

अर्थात, ॲलर्जीची नोंद करून नुसता कागद रंगवला की सगळं होतं असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये 2017 साली तीन वर्षांच्या एका मुलाला पाळणाघरात चीजचं सँडविच दिलं गेलं. दुधाची ॲलर्जी कागदावर लिहिलेली होती, तरी मूल गेलं. मग त्याच्या नावाने कायदा झाला. आपल्याकडे कागद आधी की कायदा आधी, असा वाद घालायलाही अजून कोणी बसलेलं नाही.

अंगणवाडीताईवर आणखी एक काम टाकतोय, हे मला कळतं. मोबाइलमध्ये फोटो, हजेरी, वजन भरता भरता तिचा दिवस जातो आणि हाती पडतं ते ‘मानधन’. म्हणून तिला नवं रजिस्टर देऊ नका. लेकराच्या नावापुढे एक ओळ द्या: काय खाल्ल्यावर काय झालं. ती ओळ मायला तिच्या भाषेत विचारा. सोसत नसेल तर धर्म न विचारता केळं द्या. आणि लस टोचण्यापुरतं जे नर्सबाईला शिकवलं, ते लेकरू रोज जिथे जेवतं त्या गावात कोणाला तरी, आशाताईला म्हणा, शिकवा आणि कुपी तिच्याकडे ठेवा. अमरावती जिल्हा परिषदेला यासाठी मुंबईहून पथक बोलवावं लागणार नाही. धारणीतच एक बैठक लावली तरी पुरे.