सायकलेच्छुक

पुण्यात रोज सायकलने कामावर जाणारे थोडेच उरले आहेत. सायकलीवर सल्ला देणाऱ्यांना मात्र तोटा नाही. या दोघांच्या मधे अलीकडे एक तिसरा माणूस दिसू लागला आहे. तो सायकल चालवत नाही, विकत नाही आणि विकत घेतही नाही. तो सायकल घेणार असतो.

वय चाळीसच्या आगेमागे. राहायला कोथरूड नाहीतर बावधन, नोकरी हिंजवडीत, फेज दोन किंवा तीन. दोन वर्षं ऑनसाइट झालेली, म्हणून दर चौथं वाक्य 'तिकडे'ने सुरू होणार. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट ताजा. अशा नाजूक अवस्थेत एक दिवस एचआरची मेल येते: कंपनी सायकल घेऊन देईल, पैसे बारा पगारांतून बिनव्याजी कापून घेईल, अट एवढीच की सायकल ऑफिसला यायला वापरायची. झालं. गृहस्थ त्या क्षणी सायकलेच्छुक होतो.

'तिकडे' ही गोष्ट जुनीच. ब्रिटनमध्ये १९९९ पासून नोकरदाराच्या पगारातून कर लागायच्या आधीच सायकलीचा हप्ता वळता होऊ शकतो. जर्मनीने २०१२ साली कंपनीच्या सायकलीला कराच्या हिशेबात कंपनीच्या मोटारीच्या पंगतीला बसवलं. हे सगळं तो रात्री जेवताना सांगतो. समोर बाबा बसलेले असतात, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले. आमटीची वाटी खाली ठेवत ते म्हणतात, "आम्हालाही मिळायचा की. सायकल ॲडव्हान्स."

मिळायचाच. केंद्र सरकारच्या नोकरांना सायकलीसाठी बिनव्याजी उचल होती, पगारातून हप्त्याहप्त्याने फिटायची. सातव्या वेतन आयोगाने ती बंद करायला सांगितली आणि २०१६ साली ती बंद झाली. त्यावर कुठे मोर्चा निघाल्याचं कोणाला आठवत नाही. बाबांनी अर्ज केला, मंजूर झाला, दुकानात गेले. दुकानदाराने दोनच प्रश्न विचारले. बावीस इंची की चोवीस? काळी की हिरवी? चोवीस इंची काळी घेऊन बाबा चहाच्या वेळेला घरी हजर. पुढे वर्षानुवर्षं ती सदाशिव पेठेतून खडकीला जाऊन-येऊन होती. येताना कॅरिअरवर दळण, महिन्याअखेरीला रॉकेलचा कॅन, भाद्रपदात पुढे गणपती. दांडीवरच्या छोट्या सीटवर बसून सायकलेच्छुक स्वतः बालवाडीत गेलेला आहे. एकदा दिवा नाही म्हणून पोलिसाने दोन्ही चाकांची हवा सोडली, तेव्हाही तो दांडीवरच होता. या वाहनाला सर्वगुणसंपन्न वगैरे कोणी म्हणत नव्हतं. सायकल म्हणत.

मुलाचं तसं नाही. त्याला "एकच, पण सगळीकडे चालणारी" सायकल हवी असते. सगळीकडे म्हणजे कुठे? सोमवार ते शुक्रवार चांदणी चौकाचा चढ, हायवेचा सर्व्हिस रोड आणि भूमकर चौक. रविवारी सिंहगड. आषाढात पंढरपूरची सायकल वारी. शिवाय जमलंच तर बीआरएम, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. सध्या त्याचं सायकलिंग सोसायटीच्या जिममधल्या, भिंतीकडे तोंड केलेल्या सायकलीवर आठवड्यातून एकदा होतं. पण निवड करताना माणसाने उद्याचा विचार करावा.

मग एक्सेल उघडते. भूमकर चौकाच्या खड्ड्यांना टायर रुंद पाहिजे, बीआरएमला पातळ. सिंहगडाला गियर हलके पाहिजेत, हायवेला जड. लॅपटॉपला कॅरिअर पाहिजे, पण कॅरिअर लावलं की वजन वाढतं आणि वजन हा तर शीटमधला पिवळा कॉलम. एमटीबी बाद, कारण तिचं पुढचं सस्पेन्शन चढावर ताकद खातं. रोड बाइक बाद, कारण पाठ. उरते हायब्रिड. तिच्यात पुन्हा रिम ब्रेक की डिस्क, डिस्कमध्ये केबलची की हायड्रॉलिक. जुलैत पावसात रिम ब्रेक धरत नाही, हे खरं आहे. जुलैत पावसात हा घराबाहेर पडत नाही, हेही खरं आहे, पण त्याला कॉलम नाही.

"ॲटलास घे," बाबा म्हणतात.

"बाबा, ॲटलासचा शेवटचा कारखाना बंद झाला. २०२० साली, ३ जूनला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता."

एवढी माहिती असलेला मुलगा सायकल का आणत नाही, हे बाबांना कळत नाही.

शेवटी एका शनिवारी दोघं शोरूममध्ये जातात. सायकली भिंतीला टांगलेल्या, खाली कॉफीचं मशीन. बाबा प्रत्येक सायकल खालून वर पाहतात. मडगार्ड नाही. स्टँड नाही. घंटी नाही, कॅरिअर नाही, चेन कव्हर नाही, दिवा नाही.

"हे सगळं कुठंय?"

"ॲक्सेसरीज आहेत काका, वेगळ्या घ्याव्या लागतात," सेल्समन सांगतो. गोड मुलगा आहे. मग बाबा सगळ्यात महाग सायकलीपाशी येतात. लाख सव्वा लाखाची. वाकून बघतात, चष्मा काढून पुसतात, पुन्हा बघतात.

"याला पॅडल नाहीये."

"या रेंजमध्ये पॅडल येत नाहीत, काका. ज्याला जसे हवे तसे तो लावून घेतो."

बाबा क्षणभर गप्प. मग म्हणतात, "आणि तोपर्यंत काय, हातात धरून फिरवायची?"

सायकलेच्छुक बाबांना कॉफी आणून देतो आणि सेल्समनला फ्रेमची भूमिती विचारू लागतो. शोरूममधून दोन कोटेशनं घेऊन ते घरी येतात. सायकल येत नाही. सप्टेंबरात सायकलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर येणार असतो, तेव्हा आत्ता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. २२ सप्टेंबर २०२५ ला तो येतोसुद्धा. पण मग दिवाळी ऑफर असते. दिवाळीनंतर नव्या वर्षाचं मॉडेल येणार असतं, त्यात म्हणे केबल फ्रेमच्या आतून जाते.

दरम्यान तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये पाहणी करून येतो. दुचाकीला जागा, चारचाकीला जागा, चार्जिंगला जागा. सायकलींची सोय जनरेटरच्या मागे. तिथे आठ-दहा उभ्या असतात. सगळ्या सिक्युरिटी, हाउसकीपिंग आणि कँटीनवाल्यांच्या. एकीच्या सीटवर पावसासाठी साडीच्या दुकानाची कॅरीबॅग बांधलेली, चेन कव्हर तारेने आवळलेलं, कॅरिअरच्या स्प्रिंगमध्ये डबा. मालक शेजारीच उभा, माणहून येणारा सिक्युरिटीवाला. सायकलेच्छुक खाली बसून बोटाने मागचं चाक दाबून पाहतो.

"टायर कितीचा आहे हो?"

"दोनशेला बसला सर. मागच्या महिन्यात."

विचारलं होतं रुंदीचं. उत्तर नोंदवून घ्यायला शीटमध्ये जागा नसते. या माणसाला तो स्कीममध्ये नाव द्यायला सुचवतो. मग कळतं की स्कीम फक्त कंपनीच्या पेरोलवरच्यांसाठी आहे. ही मंडळी कंत्राटदाराची.

बाकी, त्याने शोधलेल्या अडचणी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. पुणे महापालिकेने सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर केला. त्याच वर्षाच्या शेवटी औंधात आणि विद्यापीठात भाड्याच्या सायकली आल्या, पाठोपाठ शहरभर पिवळ्या नि नारिंगी सायकली दिसू लागल्या, मग त्यांच्या सीट दिसेनाशा झाल्या, मग सायकली. सायकल ट्रॅक आहेत, पण त्यांवर आधीपासून डीपी बॉक्स, पावभाजी आणि पार्क केलेल्या ॲक्टिव्हा आहेत. अशा ट्रॅकवरून सायकल नेण्यासाठी जी सायकल लागेल ती खांद्यावर उचलण्याइतकी हलकी हवी, हा त्याचा मुद्दा मी मान्य करतो.

त्याच्याच टीममध्ये वाशिमकडचा एक मुलगा असतो. मेल आली त्या आठवड्यात त्याने दुकानात समोर दिसली ती निळी सायकल उचलली, मडगार्ड आणि स्टँड तिथेच ठोकून घेतले आणि वाकडहून रोज यायला लागला. सायकलेच्छुक त्याला दर सोमवारी लिफ्टमध्ये गाठतो. "तुझी फ्रेम एक साइझ मोठी आहे रे. मान धरेल." मुलगा म्हणतो, "हो दादा, बघतो." मान अजून धरलेली नाही, त्यामुळे सायकलेच्छुक जरा अस्वस्थ असतो.

३१ मार्चला स्कीमची मुदत संपते. तीस तारखेला रात्री त्याचा निर्णय होतो, एकतीसला सकाळी शोरूम सांगतं की मीडियम साइझ स्टॉकमध्ये नाही, लार्ज आहे. लार्ज? ज्याने लिफ्टमध्ये वर्षभर दुसऱ्याची फ्रेम काढली त्याने लार्ज घ्यायची?

एप्रिलमध्ये तो नोकरी बदलतो. नव्या कंपनीत सायकलची स्कीम नाही, कार लीज आहे. कंपनीच्या गाडीला आपल्याकडे कराची सवलतीची आकारणी ठरलेली आहे, सायकलीला तसं काही नाही, त्यामुळे त्याला प्रश्नच पडत नाही. एका शनिवारी दुपारी टेस्ट ड्राइव्ह, चांदणी चौकाच्या नव्या पुलावर एक फेरी, आणि वीस लाखांच्या गाडीवर सही करून तो चहाच्या वेळेला घरी हजर. शीट नाही, कॉलम नाही. गाडीही हायब्रिडच घेतली आहे. विक्रेत्याला त्याने एकच गोष्ट बारकाईने विचारली: मागे सायकलचा रॅक बसेल का? बसेल, म्हणाला. आता रॅक दोन सायकलींचा घ्यावा की तीन, यावर त्याचा अभ्यास चालू आहे.